आधी टायर, मग गाडी

दुचाकीचा परवाना काढताना आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. फॉर्म्युला स्टुडंट या जगभर चालणाऱ्या स्पर्धेत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या शर्यतीच्या गाडीलाही तसाच आठ काढावा लागतो. या चाचणीचं नाव स्किडपॅड. कोन मांडून शेजारी शेजारी दोन वर्तुळाकार वाटा आखतात. प्रत्येकीचा आतला व्यास १५.२५ मीटर, बाहेरचा २१.२५ मीटर आणि मधे तीन मीटर रुंदीची वाट. चालक उजवीकडे दोन फेऱ्या घेतो, मग डावीकडे दोन. प्रत्येक बाजूची दुसरी फेरी घड्याळात धरली जाते. चांगली गाडी अशी एक फेरी पाच सेकंदांच्या आसपास पुरी करते.

हिशेब केला तर हा वेग ताशी ४१ किलोमीटर भरतो. ऐकायला किरकोळ वाटतो, कारण मोकळ्या रस्त्यावर रिक्षाही तेवढी पळते. पण अवघ्या नऊ मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग टिकवायचा, तर गाडीवर येणारा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दीडपट होतो. ७० किलो वजनाच्या चालकाला आपण शंभर किलोंनी बाहेर लोटले जातोय असं जाणवतं. हा सगळा जोर पेलायला गाडीकडे असतात फक्त चार टायर, आणि त्यांचाही जमिनीला टेकलेला छोटासा भाग. त्या चार ठिकाणी नेमकं काय घडतं आणि ते आपल्याला हवं तसं कसं घडवायचं, याचं शास्त्र म्हणजे व्हेइकल डायनॅमिक्स.

शर्यत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इंजिन येतं. पण फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांनी इंजिनाला आधीच वेसण घातली आहे. क्षमता ७१० सीसीपर्यंत, आणि पेट्रोल गाडीत इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून यायला हवी. ताकद अशी बांधली गेल्यावर चढाओढ वळणांवर येऊन ठेपते. ही स्पर्धा या विषयाची उत्तम शाळा ठरली, याचं मोठं श्रेय या नियमांना आहे.

या शाळेतला पहिला धडा टायरचा. वळणावर टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमक्या त्या दिशेला तो जात नाही. रबर पिळवटतं आणि टायर किंचित तिरका सरकतो. तोंडाची दिशा आणि प्रत्यक्ष वाट यांमधल्या या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढतो तशी पकड वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पकड ओसरू लागते. कुशल चालक त्या मर्यादेच्या अगदी काठावर गाडी ठेवतो. पुढच्या टायरांनी मर्यादा आधी गाठली तर गाडी वळणाबाहेर सरळ निघू पाहते, हा अंडरस्टीअर. मागच्यांनी आधी गाठली तर गाडीचा मागचा भाग फिरतो, हा ओव्हरस्टीअर.

दुसरा धडा जास्त चकवा देणारा आहे. समजा, चालकासह गाडीचं वजन ३०० किलो आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.२ मीटर अंतर आहे. गुरुत्वाकर्षणाच्या १.४ पट आडवा जोर आला, की १०५ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणजे प्रत्येक आसावर सुमारे ५० किलो. जिथे दोन्ही टायरांवर ७५-७५ किलो भार होता, तिथे आता एकावर १२५ आणि दुसऱ्यावर २५ उरतो. बेरीज तीच राहते, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते टायरच्या स्वभावामुळे. भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. ७५ किलोंवर १२० किलोंची पकड देणारा टायर १२५ किलोंवर २०० देईल असं वाटतं, प्रत्यक्षात तो १८५च्या आसपास अडकतो. आतला टायर २५ किलोंवर फार तर ४२ देईल. सुरुवातीला जोडीची पकड २४० होती, ती २२७वर आली. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण टायर वागतो तो असाच.

गाडीचा तोल जमवण्याची किल्ली याच घटीत आहे. नवख्यांचा हमखास समज असा, की स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) कडक केला, गाडी कमी झुकली, म्हणजे भारही कमी सरकला. तसं होत नाही. सरकणारा एकूण भार ठरतो तो वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि आडवा जोर यांवरून. त्यातला किती वाटा पुढच्या आसाने उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच बारच्या हातात असतं. पुढचा बार कडक केला की पुढची जोडी जास्त वाटा उचलते, जास्त पकड गमावते आणि गाडी अंडरस्टीअरकडे झुकते. हे ज्याला कागद-पेन्सिल घेऊन समजावता येतं, त्याचा विषयात पाय रोवला असं खुशाल समजावं.

ही विद्या गाड्यांकडे आली ती विमानांकडून. विल्यम मिलिकन हे अमेरिकी अभियंते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोइंगमध्ये उड्डाण-चाचण्या करत. पुढे बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत विमानाचं स्थैर्य मोजण्याच्या पद्धती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारगाडीला लावल्या. जनरल मोटर्सचे मॉरिस ऑली या कामाच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून निघालेले शोधनिबंध १९५६ मध्ये लंडनला सादर झाले आणि अंदाजाने चालणाऱ्या या विषयाला गणिताचा आधार मिळाला. मिलिकन स्वतः शर्यतीतही उतरत. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांची बुगाटी एका वळणावर उलटली. ते वळण आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. मुलगा डग्लस याच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ १९९५ मध्ये आला, तेव्हा त्यांचं वय ८४ होतं. २०१२ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी ते वारले.

हा ग्रंथ पहिल्याच दिवशी उघडला तर धडकी भरते. सुरुवातीला कॅरल स्मिथ यांचं १९७८ चं ‘ट्यून टू विन’ बरं. ल मानच्या शर्यतीतल्या फोर्ड जीटी४० गाड्यांवर काम केलेला हा माणूस पुढे विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये डिझाइन परीक्षक म्हणून येत असे. त्यांच्या पुस्तकाला वर्कशॉपच्या ग्रीसचा वास आहे. टायरचे आकडे हवेत तर त्याचीही सोय आहे. जगभरच्या विद्यार्थी टीम वर्गणी भरून एका सामायिक टायर-चाचणी उपक्रमात सामील होतात, आणि बफेलोच्याच त्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या कॅलस्पनमध्ये, मोजलेला डेटा त्यांना मिळतो.

पण पुस्तक आणि डेटा यांवर गाडी वळत नाही. शिक्षणाचा खरा कस लागतो चाचणीच्या दिवशी. त्याची सुरुवात अगदी साध्या दोऱ्याने होते. गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मध्यरेषेला समांतर असा नायलॉनचा दोरा ताणतात. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजतात. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाचा टो. मिलिमीटरभर चूक झाली तरी चालकाला स्टीअरिंगमध्ये कळते. मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून कोणत्या चाकावर किती भार आहे ते पाहतात, हवेचा दाब नोंदतात आणि सगळं सेटअप शीटवर लिहितात.

काही फेऱ्या मारून गाडी परत आली की एक जण पायरोमीटर घेऊन धावतो. त्याची सुई तापलेल्या रबरात तीन जागी टोचायची: आतली कड, मध्य, बाहेरची कड. समजा, आकडे आले ६८, ६५ आणि ५४ अंश. आतली कड जास्त राबली आणि बाहेरची आळसावली, म्हणजे चाकाला आत झुकवणारा निगेटिव्ह कॅम्बर जास्त झाला. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा वर गेला तर हवा जास्त झाली असण्याची शक्यता. हे काम मिनिटाभरात उरकावं लागतं, कारण रबर झपाट्याने निवतं.

इकडे चालक हेल्मेट काढून सांगतो, “अंडरस्टीअर आहे.” एवढ्या उत्तरावर समाधान मानणारा अभियंता अजून कच्चा. वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? शिरताना होत असेल तर स्प्रिंगचे हेलकावे शमवणाऱ्या डॅम्परकडे पाहावं, मध्यावर असेल तर स्प्रिंग आणि बारकडे, बाहेर पडताना असेल तर डाव्या-उजव्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलकडे. आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन केले की गाडी कशामुळे सुधारली हे कधीच कळत नाही.

भार हलला की पकड घटते, म्हणून टायरवरचा भार स्थिर ठेवण्यासाठी मोठमोठ्या टीमही किती खटपट करतात, हे रेनोने दाखवून दिलं. २००५ च्या हंगामाच्या अखेरीस त्यांनी फॉर्म्युला वन गाडीच्या नाकाडात स्प्रिंगवर टांगलेलं एक वजन बसवलं. गाडीचं नाक वर-खाली होऊ लागलं की हे वजन उलट दिशेने हलून तो हेलकावा शमवी आणि पुढच्या टायरांवरचा भार फारसा कमी-जास्त होत नसे. २००६ मध्ये, ऐन हंगामात, त्यावर बंदी आली.

महाराष्ट्रात या शिक्षणाला चांगली जमीन आहे. मुंबईच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग ही टीम जर्मनीत जाऊन आली आहे. आयआयटी मुंबईची टीम दशकाहून अधिक काळ विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवते आणि इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला स्पर्धेत उतरली आहे. देशातली फॉर्म्युला भारत स्पर्धा कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर होते. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात व्हेइकल डायनॅमिक्सच्या चाचण्यांसाठी खास मैदान आहे. पिंपरी आणि चाकणच्या मोटार कंपन्यांना रोजच्या गाड्यांचं सस्पेन्शन जमवणारी माणसं लागतातच, आणि ती याच विद्येची असतात.

उणीव आहे ती गाडी चालवून पाहण्याच्या वेळेची. डिझाइन लांबतं, वेल्डिंग रेंगाळतं, सुटे भाग उशिरा येतात आणि गाडी स्पर्धेच्या तोंडावर पहिल्यांदा जमिनीला टेकते. मग दोरा, वजनकाटे, पायरोमीटर सगळं पेटीतच राहतं, आणि वर्षभर केलेलं गणित खरं होतं की खोटं, हे विद्यार्थ्यांना समजतच नाही. ज्या टीमला हा विषय शिकायचा आहे, तिने नवं डिझाइन थोडं साधं ठेवावं आणि वाचलेले आठवडे चाचणीला द्यावेत. गरज पडली तर गेल्या वर्षीची जुनी गाडी बाहेर काढावी. तिच्यावरही टायर तेच आणि नियम तेच. यात महाविद्यालयांनाही हातभार लावता येईल. स्किडपॅडच्या आठाला ४० बाय २२ मीटर सपाट जागा लागते, तिच्या चहूबाजूंनी मोकळा पट्टा आणि हाताशी अग्निशामक हवा. बहुतेक आवारांत पार्किंगची जागा याहून मोठी असते, आणि रविवारी ती रिकामी असते. प्राचार्यांनी ती महिन्यातून दोन रविवार या मुलांना द्यावी.