साहेबाचा गार पेला आणि कॉलेज स्ट्रीटचं सरबत

वैशाखातली कोलकात्याची दुपार म्हणजे अंगाची नुसती काहिली! अशा उकाड्यातही ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना टेबलावर वाइन लागायची. कधी फ्रान्सची तांबडी क्लॅरेट, कधी मादेरा बेटावरची गोडसर वाइन. पण कोमट वाइनमध्ये मजा ती काय? म्हणून ‘आबदार’ नावाचा खास नोकर असे. सोरा पाण्यात विरघळला की पाणी गार पडतं. त्या पाण्यात बाटल्या थंड करायच्या, हेच त्याचं काम.

मग १८३३च्या सप्टेंबरात नवल घडलं. अमेरिकेतल्या बॉस्टनहून ‘टस्कनी’ हे जहाज चक्क बर्फ घेऊन कोलकात्याला आलं! निघताना १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे १०० टन शिल्लक उरला. साहेबांनी वर्गणी काढून त्यासाठी बर्फघर बांधलं. गारवा मिळाला खरा, पण तो मूठभरांनाच.

सामान्यांच्या हाती गार पेला देणाऱ्यांत एक नाव आजही कोलकातेकर कौतुकानं घेतात... कॉलेज स्क्वेअरजवळचं ‘पॅरामाउंट’. नीहाररंजन मजुमदार यांनी १९१८ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘पॅराडाइज’. पुढच्या बाजूला सरबताचे पेले आणि मागच्या बाजूला क्रांतिकारकांच्या गुप्त बैठका! सुभाषबाबूही इथे येत असत, असं सांगतात.

इथलं सर्वांत गाजलेलं पेय म्हणजे ‘डाब सरबत’. डाब म्हणजे आपलं शहाळं. ही कृती सुचवली ती थोर रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी, असं सांगितलं जातं. बेंगॉल केमिकल्सचे हे संस्थापक स्वतः अतिशय साधेपणानं राहत. आसपासच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची तहान भागावी आणि पोटालाही थोडा आधार व्हावा, हा त्यामागचा विचार. म्हणून शहाळ्याच्या पाण्यात साखरेच्या पाकाबरोबर कोवळी मलईही आली.

बंगाली घरांतही उन्हाळ्याचे प्रकार कमी नाहीत. दह्याच्या घोलात गंधराज लिंबाचा रस पडला की त्याच्या सुवासानंच जीव सुखावतो. बेलफळाचं सरबत पोटाला थंड. आणि ‘आम पोडा’ म्हणजे आपल्या पन्ह्याची बंगाली बहीणच! फरक एवढाच, की आपण कैरी बहुधा उकडतो, ते विस्तवावर भाजतात. त्या धुरकट चवीची खुमारी काही औरच.

घरी करून पाहा

डाब सरबत : एका शहाळ्याचं पाणी, दोन चमचे कोवळी मलई, एक-दोन चमचे साखरेचा पाक आणि बर्फ. मलईचे बारीक तुकडे करून पेल्यात घाला, वर गार पाणी व पाक. मिक्सरमध्ये फिरवू नका. मलई दाताखाली आली पाहिजे. लगेच प्यायला द्या.

आम पोडा : दोन कैऱ्या साल काळी पडेपर्यंत गॅसवर भाजा. निवल्यावर साल काढून गर कुस्करा. चवीप्रमाणे साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिन्याची चार पानं घालून घुसळा. गार पाणी घालून गाळून घ्या.

यंदा पाहुणे आले की जेवणाआधी हा पेला पुढे करा. आबदारही नको आणि बॉस्टनचं जहाजही नको... घरचा फ्रिज पुरेसा आहे!