शंभरपट माल, अंदाज मात्र जुनाच

अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात रसायनशास्त्राचे दोन संशोधक विद्यार्थी निकेल हायड्रेझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग बनवत होते. त्याच्या बऱ्याच चाचण्या करायच्या होत्या. दर वेळी थोडे थोडे बनवले तर प्रत्येक खेपेचा माल किंचित वेगळा निघणार, म्हणून एकदाच पुरेसे बनवू, असे दोघांनी ठरवले. संशोधनाच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. एका वेळी १०० मिलिग्रॅमच बनवायचे, अशी मर्यादा होती. पण ती तोंडी, आणि ती सर्वांपर्यंत पोचली की नाही हे पाहण्याची सोय नव्हती. या खेपेला तयार झाले सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट.

मालात गुठळ्या होत्या. पाण्याने किंवा हेक्झेनने ओले केलेले चिमूटभर संयुग पेटत नाही, हे आधी पाहिलेले होते. तेव्हा मोठ्या प्रमाणातही तसेच होईल, असे गृहीत धरले गेले. ७ जानेवारी २०१० रोजी त्यातल्या एका विद्यार्थ्याने जवळपास निम्मा माल खलात घेतला, हेक्झेन घातले आणि बत्त्याने हलकेच गुठळ्या फोडल्या. काम झाले म्हणून गॉगल काढला. मग परत येऊन त्याने एकदाच पुन्हा ढवळले. त्या स्फोटात त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली, डोळ्याला इजा झाली, हात आणि चेहरा भाजला.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. त्या गटात याआधीही छोटे प्रसंग घडले होते, पण त्यांतून काय शिकायचे हे कुणी लिहून ठेवले नव्हते. काम सुरू करण्यापूर्वी धोका तपासायचा कसा, याची ठरलेली पद्धत विद्यापीठात नव्हती. निष्काळजीपणाचा ठपका एका विद्यार्थ्यावर ठेवून मोकळे होणे सोपे होते. मंडळाने तसे केले नाही, हे बरे.

प्रमाण वाढले की धोका का बदलतो? स्फोटकाच्या बाबतीत उघड आहे: चिमूटभर पेटले तर चटका बसतो, पाच ग्रॅम पेटले तर हात जातो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या साध्या अभिक्रियांतही हीच गोष्ट लपलेली असते. वाटीभर खीर लवकर निवते, पातेलेभर खीर तासन्‌तास गरम राहते. त्याच आकाराचे भांडे शंभरपट मोठे केले तर आत उष्णता शंभरपट निर्माण होते, पण ती बाहेर पडायला पृष्ठभाग मिळतो साधारण २१ पटच. उरलेली उष्णता आतच साठते, तापमान चढते, अभिक्रिया आणखी वेग घेते. लहान चंबूत शांत वाटलेला प्रयोग मोठ्या चंबूत उसळतो तो यामुळे.

बाटलीवरची सूचना यात अर्धीच उपयोगाची. ती पदार्थाबद्दल सांगते, आपण त्याचे काय करणार आहोत याबद्दल नाही. आणि आपणच नव्याने बनवलेल्या संयुगाला तर बाटलीही नसते.

मंडळाच्या शिफारशीनंतर अमेरिकन केमिकल सोसायटीने प्रयोगशाळांसाठी धोका तपासण्याची मार्गदर्शिका तयार केली. तिच्यातली एक पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी आहे: ‘असे झाले तर?’ हे विचारत जाणे. ढवळणी बंद पडली तर? थंड पाणी थांबले तर? चुकून दुप्पट पडले तर? उत्तरे कागदावर लिहायची, आणि प्रमाण, द्रावक किंवा उपकरण बदलले की पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची.