इंजिन रनिंगमध्ये आहे

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. वेलांट्या चुकल्या तर मराठी विभागाच्या सरांनी सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला औशाच्या गॅरेजमध्ये समजला, तोही मराठीत आणि थोडा दखनीत, त्यामुळे इंग्लिश सेक्शनला द्यायला मन होईना.

आमच्या घरी पप्पांची मारुती ८०० आहे. हे मॉडेल १९८३ मध्ये आलं आणि २०१४ मध्ये बंद झालं, म्हणजे गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. पण आजीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा लातूरला असतं. अंतर वीसेक किलोमीटर. एसटी आहे, पण डायलिसिस होऊन आलेल्या माणसाला स्टँडवर ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून गाडी निळा धूर टाकायला लागली तेव्हा पप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढून फुल इंजिन काम करून घेतलं. बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं नवं.

गाडी ताब्यात देताना मेकॅनिकने बजावलं, "सर, इंजिन रनिंगमध्ये आहे. दोन दिवस अंगणात नुसती चालू ठेवा. मग हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." पप्पा शिक्षक. सांगितलेलं तंतोतंत पाळणारे! दोन दिवस अंगणात गाडी घुरघुरत होती. पुढे लातूरच्या रस्त्यावर आम्हाला ट्रॅक्टरसुद्धा ओव्हरटेक करून गेले. आणि सातशे किलोमीटरही झाले नव्हते तर धूर परत सुरू. शेजारचे काका रोज विचारायचे, "कामून धूर मारायलीय हो सर गाडी?" पप्पा काही बोलायचे नाहीत. कर्जाचे हप्ते तर चालूच होते.

दुसऱ्या गॅरेजच्या म्हाताऱ्या चाचांनी हेड उघडलं आणि मला हाक मारली. "बेटा, ये देख, काच बन गया." सिलिंडर आतून आरशासारखा चकचकीत. मला वाटलं, छानच की! तिथेच माझा आय.सी. इंजिन्सचा अभ्यास उघडा पडला.

बोअर मारल्यावर सिलिंडरला होनिंग करतात. त्याने आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेषा पडतात. हाताला जेमतेम जाणवतात. त्यांची दोन कामं. एक म्हणजे त्या खाचांत ऑइल टिकतं. दुसरं म्हणजे खाचांच्या मधली बारीक टोकं नव्या रिंगेला घासतात, स्वतः झिजतात आणि रिंगेलाही आपल्या मापाची करून घेतात. यालाच रिंगा 'बसणं' म्हणतात. ही टोकं एकदा झिजली की गेली. म्हणजे रिंगा बसायची संधी साधारण एकदाच मिळते.

आता रिंग भिंतीवर कोण दाबतं? मला वाटायचं तिचा स्वतःचा ताण. तो असतो, पण थोडाच. खरा जोर स्फोटाच्या गॅसचा. तो रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर लोड असेल तरच हा दाब पुरेसा मिळतो. अंगणात न्यूट्रलला घुरघुरणाऱ्या गाडीत तो कुठून येणार? मग गॅस रिंगेच्या बाजूने निसटतो, भिंतीवर राहिलेलं ऑइल तापून करपतं, त्याचा वार्निशसारखा थर खाचांत भरतो. झाली काच! पुढे त्या गुळगुळीत भिंतीवर रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पीत राहतं. आम्ही गाडीचे लाड केले, ते असे नडले.

चाचांनी पिस्टन तेच ठेवले, पुन्हा होनिंग केलं, रिंगा तेवढ्या बदलल्या. होनिंगनंतर त्यांनी बोअर गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने धुतला. नुसतं पेट्रोल मारून दगडाची भुकटी खाचांतून निघत नाही, म्हणे. पांढरं फडकं फिरवायचं आणि ते पांढरंच निघेपर्यंत धूत राहायचं. माझ्या हातून चार वेळा काळं निघालं. पाचव्यांदा चाचांनी मान हलवली. मग लगेच कोरडं करून ऑइलचा हात, नाहीतर तासाभरात गंज.

ऑइल साधं मिनरल टाकलं. प्लग काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल आधी पोचलं. मग प्लग लावून चालू केली, गळती पाहिली, इंजिन गरम झालं की थेट रस्त्यावर.

रविवारी पहाटे किल्ल्याजवळून निघालो, आजीला न घेता. तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत चांगला रेस द्यायचा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच तीसवर येऊ द्यायची. परत तेच. पाय काढला की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, थोडं ऑइल वर ओढलं जातं, रिंगा थंड होतात आणि घासून निघालेली भुकटी धुतली जाते. एकाच स्पीडला चालवत राहायचं नाही, टॉप गिअरमध्ये कण्हत ओढायची नाही, पूर्ण दाबूनही पळवायची नाही. पप्पा पहिल्यांदा साठला गेले तेव्हा त्यांनी डोळे मिटलेत की काय अशी मला शंका आली.

पहिला मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला हवं. नव्या इंजिनात सगळं घट्ट असतं. आमच्या गाडीचा स्ट्रोक ७२ मिलिमीटर. ३००० आर.पी.एम.ला पिस्टन सरासरी सेकंदाला ७.२ मीटर धावतो. त्यात सतत दामटलं आणि वर मराठवाड्याचा उन्हाळा, तर पिस्टन फुगून जाम होऊ शकतो. म्हणून तर पहाटेची वेळ. जुन्या काळी मशीनिंग भरड असायचं, उरलेली घासाई रस्त्यावरच व्हायची, तेव्हा हळू चालवणं भागच होतं. पण हळू वेगळं आणि बिनलोड वेगळं.

ऐंशी किलोमीटरला पहिलं ऑइल फिल्टरसकट बदललं. ट्रेमध्ये चमकी दिसली. मी त्यात लोहचुंबक फिरवलं तर टोकाला काळा लेप आला. ती सिलिंडरची आणि रिंगांची घासाई. पाचशेला पुन्हा बदललं, टॅपेट तपासले. तेव्हा चुंबक जवळपास स्वच्छ निघालं.

परवा हजार किलोमीटर पूर्ण झाले. लातूरला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पप्पांनी ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. लेव्हल पाचशेला होती तिथेच होती. आजी बाहेर आली तेव्हा ते पट्टी हातात धरूनच उभे होते.