अंगणात शेकोटीची भिंत बांधताय? काँक्रीटला थेट आग लागू देऊ नका

महाबळेश्वर, पाचगणीकडच्या बंगल्याच्या मागे काँक्रीटचं अंगण आणि टोकाला चिमणीसह शेकोटीची भिंत. फोटोत हे फार छान दिसतं. पण भिंत साध्या काँक्रीटची असेल, तर धोका आहे.

काँक्रीटमध्ये पाणी मुरलेलं असतं. आग थेट लागली की त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर पृष्ठभागाचे टवके आवाज करत उडतात. समोर मुलं बसलेली असतात, हे विसरू नका. शिवाय 300 अंश सेल्सिअसच्या पुढे काँक्रीटची ताकद घटू लागते आणि लाकडाची ज्योत त्याच्या बरीच पुढे जाते.

मग काय करायचं?

आतून फायर ब्रिकचं अस्तर लावा. त्या विटा उष्णता सोसणाऱ्या फायरक्ले मॉर्टारमध्येच बसवा. गवंडी 'सिमेंट चालेल' म्हणाला तरी नको. अस्तर आणि बाहेरच्या भिंतीत इंचभर फट ठेवून सिरॅमिक वूल भरा, कारण तापलेली वीट फुगते. शेकोटीच्या आत नदीतले गोटे लावायची हौस टाळा, तेही ओले असले की फुटतात.

धुराड्याच्या आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ शेकोटीच्या तोंडाच्या साधारण एक दशांश हवं. त्याहून फार लहान झालं, तर धूर तुमच्याच डोळ्यांत. तोंड नैऋत्येकडे ठेवू नका. पावसाळी वारा तिकडूनच येतो. चिमणीवर टोपी हवीच.

आता अंगण. चार इंच जाडीच्या स्लॅबला दर 8 ते 10 फुटांवर इंचभर खोल जॉइंट कापा, तेही साधारण 24 तासांच्या आत. तडे जातातच, निदान ते जॉइंटमध्ये जातील. भिंतीचा पाया मात्र स्वतंत्र घ्या. भिंत जड असल्याने वेगळी खचते. स्लॅबला जखडली तर दोन्ही फाटतात.

उतार घरापासून दूर, 10 फुटांना दोन इंच. इथेच अनेक आराखडे चुकतात: घरापासून दूर म्हणजे पाणी थेट शेकोटीच्या पायाशी! भिंतीच्या अलीकडे जाळीचा नाला द्या.

पीपीसी सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारा. भिंत पूर्ण वाळल्यावर आणि दर पावसाळ्यानंतर पहिले काही दिवस फक्त काटक्यांची छोटी आग लावा. मोठे ओंडके त्यानंतर.