जुन्या मालवाहू वाहनाचे दान

बाजारपेठेच्या गावी भाजीपाला, दूध, खते यांची ने-आण करणारी छोटी मालवाहू मोटार आता खेडोपाडी परिचयाची झाली आहे. लोक तिला नुसते ‘पिकअप’ म्हणतात. आठ-दहा वर्षे वापरल्यावर मालक नवे वाहन घेतो आणि जुन्याचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. दलाल सांगतो ती किंमत मनास येत नाही. दुसरीकडे जवळचेच एखादे वसतिगृह, गोशाळा किंवा धर्मादाय रुग्णालय वाहनावाचून अडलेले असते. मग वडिलांच्या पुण्यतिथीस गाडीला हार घालून किल्ल्या विश्वस्तांच्या हाती दिल्या जातात. दात्याचा हेतू निर्मळ असतो, संस्थेची गरजही खरी असते. तथापि मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने त्या सायंकाळी वाहनाचा मालक बदललेला नसतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे, तोच त्याचा मालक होय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले होते. नोंदणीपुस्तकात मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. वाहन कोणी कोणास दिले याचा माग काढीत फिरण्याचे ओझे अपघातग्रस्तांवर टाकता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. विक्रीस लागू होणारा हा न्याय दानासही लागू होतो. किल्ल्या देऊन मोकळा झालेला दाता दोन वर्षांनी न्यायाधिकरणापुढे प्रतिवादी म्हणून उभा राहू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

म्हणून हस्तांतरणाचे काम समारंभापूर्वीच हाती घेणे इष्ट. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वाहन राज्यातच नोंदलेले असेल, तर देणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत व घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज आहेत. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे संमतिपत्र व नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. थकलेला कर व दंडाच्या पावत्याही आधीच चुकत्या कराव्यात. दानासोबत त्यांचे ओझे संस्थेच्या गळ्यात पडू नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनास उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविली आहे किंवा नाही, तेही पाहावे. संस्थेच्या बाजूने विश्वस्त मंडळाचा ठराव आणि न्यासाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. विमा कंपनीस चौदा दिवसांत कळवून विमापत्रावरील नाव बदलून घ्यावे. दात्याने मिळविलेली ‘नो क्लेम बोनस’ ही सूट त्याचीच राहते, ती वाहनाबरोबर संस्थेकडे जात नाही. परिणामी संस्थेचा हप्ता दात्याच्या हप्त्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

यानंतरचा प्रश्न वापराचा. पिकअप हे माल वाहण्याचे वाहन आहे आणि नेमका येथेच मोह होतो. क्रीडास्पर्धेस विद्यार्थी न्यावयाचे आहेत, वाहन दारात उभे आहे, मग मागच्या हौद्यात मुले बसविली जातात. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास ती रक्कम संस्थेच्या तिजोरीतून जाऊ शकते आणि बहुतेक संस्थांकडे तशी तिजोरी नसते. मुख्याध्यापकांनी या बाबतीत कोणाचीही भीड धरू नये. हेच वाहन रुग्णवाहिका म्हणून वापरण्याची कल्पनाही बऱ्याचदा पुढे येते. पण परवानगीशिवाय वाहनाच्या रचनेत फेरबदल करता येत नाहीत आणि रुग्णवाहिकेसाठी स्वतंत्र मानके ठरलेली आहेत. धान्य, चारा, औषधे, पुस्तके, पाण्याच्या टाक्या या कामांसाठी मात्र पिकअप उत्तम. चालकाचीही फारशी अडचण येत नाही. साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, यावर घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे.

वाहन फुकट मिळाले तरी ते फुकट चालत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याला लोक ‘पासिंग’ म्हणतात, दोन वर्षांचे असते. त्यापुढे ते दरवर्षी घ्यावे लागते. त्याशिवाय टायर, बॅटरी, विमा, डिझेल व चालकाचा पगार. कुंपणाशी उभी राहून गंजणारी ‘दानाची गाडी’ अनेक आवारांत दिसते. तिच्या दात्याने पहिल्या वर्षाच्या विम्याइतकी व पासिंगइतकी रक्कम सोबत दिली असती, तर कदाचित ती धावती राहिली असती. विश्वस्तांनीही वर्षाचा खर्च कागदावर मांडूनच ठराव करावा आणि खर्च झेपत नसेल, तर दान नम्रपणे नाकारावे. त्यात दात्याचा अवमान नाही.

ग्रामपंचायतींनी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. केंद्रीय नियमांतील १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बदलानुसार शासकीय वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांनंतर चालू ठेवता येत नाही आणि या नियमात पंचायतींच्या मालकीची वाहनेही येतात. तेरा वर्षांची पिकअप पंचायतीने स्वीकारली, तर ती दोनच वर्षांत मोडीत काढावी लागेल. अशी जुनी गाडी खाजगी न्यासाकडे जाणे अधिक सोयीचे, कारण तेथे पासिंग होत राहील तोवर ती चालू शकते.

आयकरातील सवलतीविषयी मोठा गैरसमज आढळतो. देणगीवरील सवलत पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच मिळते, वस्तुरूप दानाला नाही. रोख देणगी दोन हजार रुपयांहून अधिक असल्यास तीही सवलतीस पात्र ठरत नाही. सवलत हवी असलेल्या दात्याने वाहन विकून आलेली रक्कम, सवलतीसाठी मान्यता असलेल्या न्यासास धनादेशाने द्यावी. वाहन अगदीच मोडकळीस आले असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या मोडकेंद्रात ते जमा करता येते. तेथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र नवे वाहन घेताना दात्याच्या उपयोगी पडते आणि भंगाराची किंमत धनादेशाने संस्थेकडे पाठविता येते.