मोहन, वनस्पती आणि बांधीव तेल

पिठात घालावयाच्या स्निग्ध पदार्थास मराठीत ‘मोहन’ असा नेमका शब्द आहे. पिठाच्या कणांवर त्याचा लेप बसला म्हणजे पाणी सहज आत शिरत नाही, ग्लुटेनचे चिवट तंतू लांबत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीच्या पारीस कडकडीत तेलाचे मोहन चालते. नानकटाईस चालत नाही. तेथे साखरेबरोबर फेसताना हवा धरून ठेवील असा थिजलेलाच स्निग्ध पदार्थ लागतो. जळगाव-धुळ्याकडे सरकीचे व भुईमुगाचे तेल परिचयाचे खरे. परंतु दिवाळीत बेकरीतून नानकटाई भाजून आणणाऱ्यास ते तसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

या अडचणीचे जुने उत्तर हायड्रोजनीभवन हे होय. जर्मन रसायनज्ञ नॉर्मान याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि १९११ साली अमेरिकेत सरकीच्याच तेलापासून केलेला घट्ट मेद बाजारात आला. आपल्याकडे तोच प्रकार ‘वनस्पती’ या नावाने रूढ झाला. (इतके निरागस नाव क्वचितच एखाद्या कारखानी मालास लाभले असेल.) या क्रियेत तेलाचा रेणूच पालटतो, आणि ती अर्ध्यावर थांबविली तर ट्रान्स मेदाम्ले उरतात. त्यांच्यामुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते व हितकारक घटते. म्हणून भारतात २०२२ च्या आरंभापासून खाद्य तेले व मेद यांतील त्यांचे प्रमाण शेकडा २ वर मर्यादित करण्यात आले. पामतेल हा पर्याय सोयीचा. पण त्यातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात.

नव्या पद्धतीत तेलाचा रेणू आहे तसाच राहतो. तापविलेल्या तेलात भाताच्या कोंड्याचे मेण शेकडा पाचाच्या आसपास विरघळवितात. निवताना मेणाचे सूक्ष्म स्फटिक जाळे विणतात व तेल त्यात अडकून पडते. दही घट्ट लागले तरी त्यातील पाणी गोठलेले नसते, तद्वत हे तेल थिजलेले नसते. यास्तव ‘थिजविलेले तेल’ ही संज्ञा येथे चुकीची ठरेल. ‘बांधीव तेल’ म्हणणे अधिक यथार्थ.

खानदेशच्या वैशाखात पारा ४४ अंशांवर जातो. वनस्पती त्याआधीच पातळ होते. कोंड्याचे मेण मात्र ८० अंशांच्या सुमारास वितळते, त्यामुळे जाळे टिकण्याची आशा अधिक. तथापि दह्यास पाणी सुटावे तसे यासही तेल सुटू शकते; असंपृक्त तेल लवकर खवट होते; मेण अधिक झाल्यास जिभेवर बसते. नानकटाई व बिस्किटे यांत ते बऱ्यापैकी जमते. खारीच्या पदरांत मात्र लाटताना न फुटता पसरणारा मेद हवा, आणि तेथे मेणाचे हे नाजूक जाळे लाटण्याखाली मोडते.