बंदुकीचा बोअर आणि कायद्याचे माप

आमच्या कार्यालयात येणारे कागद बहुधा एकाच जातीचे असतात. पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब, कामावरून कमी केल्याची नोटीस. दोन पावसाळ्यांमागे भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यातला पॉलिशवाला मात्र निराळाच कागद घेऊन आला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्याच्या गावी वडील नुकतेच वारले होते, आणि कागद त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. ''भाऊ, भातात डुकरं घुसतायत. आता नवी बंदूक घ्यायची तर किती बोअरची घेऊ? गावात म्हणतात, रायफलच घे.''

आम्ही आयुष्यात बंदूक चालविलेली नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण कायद्याचे पुस्तक कलमाकलमाने वाचायची खोड चळवळीने लावली आहे. तेव्हा प्रश्न हाती घेतला, आणि ध्यानात आले की आपल्या देशात बोअर निवडण्याचे काम शिकाऱ्याच्या आधी कायद्यानेच करून ठेवले आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. बंदुकीच्या नळीचे आतले माप म्हणजे बोअर; पण ते मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतून बराच घोटाळा होतो. साध्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीत जुना इंग्रजी हिशेब चालतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची वाटोळी गोळी करायची आणि एका पौंडात अशा किती गोळ्या होतात ते मोजायचे. बारा झाल्या तर 12 बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. 16 बोअरपेक्षा 12 बोअरची नळी मोठी, साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. रायफलीच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. तिचे माप इंचाच्या अंशात सांगतात. .315 म्हणजे इंचाचे 315 सहस्रांश, मिलिमीटरमध्ये आठ. तेव्हा 12 आणि .315 या आकड्यांची तुलना करणे म्हणजे शेर आणि फूट यांची तुलना करणे होय.

आता हा .315 आला कोठून? .303 ही इंग्रजी फौजेची रायफल. फौजेचे काडतूस चोरून ते खाजगी रायफलीत घालता येऊ नये, म्हणून .303 प्रजेच्या हाती द्यायचा नाही असे सरकारने ठरविले, आणि शिकारीसाठी थोडा निराळा .315 पुढे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी .450 वरही अशीच बंदी घातली गेली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .465 आणि .470 अशी नवी मापे काढून वाघ-हत्तींच्या शिकाऱ्यांची सोय केली. म्हणजे ही मापे जनावराची कातडी पाहून ठरली नाहीत. माणसाची भीती बाळगून ठरली. 1878 चा शस्त्रकायदा तर उघडच तसा होता: हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनाला सूट. तो जाऊन 1959 चा कायदा आला आणि 1962 पासून अमलात आला. सूट गेली, निषिद्ध बोअरची कल्पना राहिली. .303 किंवा 7.62 चे लष्करी काडतूस ज्यात चालते अशी रायफल आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही. .315 मिळते; ती पश्चिम बंगालात इच्छापूरच्या कारखान्यात बनते. 12 बोअरची काडतुसे आपल्या खडकीच्या, 1869 सालच्या दारूगोळा कारखान्यात होत आली आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी हे सरकारी कारखाने मोडून सात कंपन्या केल्या, त्याला कामगार संघटनांचा विरोध होता. तो विषय इथला नव्हे, पण काडतूस पाहिले की आम्हांला तो आठवल्यावाचून राहत नाही.

असो. रायफल मिळते, म्हणून शिकार करता येते असे मात्र नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा शिकारीचे परवाने होते. मोठ्या जनावरावर रायफलच चालवावी, दुनळी चालवायची तर खास मुभा घेऊन अखंड एकगोळीचे काडतूस वापरावे, असेही त्यात लिहिले होते. ते शहाणपणाचे होते. छर्ऱ्यांनी सांबर मरत नाही, जखमी होऊन रानात कुजत मरते. 1991 च्या दुरुस्तीने ते परवानेच गेले. आज हौसेची शिकार भारतात कोणत्याही बोअरने गुन्हाच आहे.

उरली ती 11 व्या कलमाची फट. वाघ-बिबट्यासारखे पहिल्या अनुसूचीतले जनावर माणसाच्या जिवावर उठले, आणि ते पकडणे, बेशुद्ध करणे वा हलविणे शक्य नसले, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आज्ञा देतात. यवतमाळ जिल्ह्यात 2 नोव्हेंबर 2018 रोजी अवनी वाघीण मारली गेली. तेव्हा वाद पेटला तो रायफलीच्या मापावरून नव्हे, तर बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का यावरून. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर मुख्य रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. आणि मारलेले डुक्कर शेतकऱ्याचे नव्हे, सरकारचे! मटणाची वाटणी केली की पीक राखणारा तोच माणूस आरोपी होतो. हे आम्ही पॉलिशवाल्याला दोनदा सांगितले, कारण पहिल्या वेळी तो हसला.

म्हणजे कागद दोन लागतात: बंदुकीचा परवाना आणि डुक्कर मारण्याची परवानगी. पहिला असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही, आणि खेड्यात हीच गफलत सर्वांत जास्त होते.

बंदुकीबद्दल शस्त्रकायद्याचे 13 वे कलम पाहावे. पीक राखण्यासाठी खरोखर हवी असेल तर ठासणीची बंदूक द्यावी. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची द्यावी. रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी शस्त्र देण्याची सोय तिथे आहे, पण ती वेगळी. पिकासाठी रायफलीचे नावही त्या कलमात नाही.

आम्हांला हे कलम शहाणपणाचे वाटते. कोकणातली वाडी डोळ्यांपुढे आणा. खाली भात, वर काजूचे कलम, मधून पायवाट, आणि हाकेच्या अंतरावर दुसऱ्याचे घर. .22 ची गोळी केवढीशी. डुकराला ती लोळवीत नाही, नुसती चिडविते, आणि तरीही दीड किलोमीटरपर्यंत माणसाला धोक्याची असते. .315 ची त्याहून पुष्कळ पुढे जाते. डुकराच्या अंगातून आरपार निघालेली गोळी कोठे थांबणार, हे अंधारात कोणी सांगावे? 12 बोअरमधले बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरांत निष्प्राण होतात. पण त्यांनी डुक्कर मरत नाही. त्यासाठी मोठ्या गोळ्यांचे काडतूस लागते: एल.जी., ज्याच्या औंसाला सुमारे सहा गोळ्या, किंवा एस.जी., ज्याच्या सुमारे आठ. त्या तीस पावलांच्या आत एकवट राहतात, पुढे फाकतात. अखंड एकगोळी त्याहून लांब नेम धरते, पण तिला मागे मातीचा बांध हवा. तेव्हा लेखी परवानगी असली तरी उतारावरून खाली, मागे जमीन असेल असा, आणि जवळून बार काढावा. लांबचे डुक्कर जाऊ द्यावे.

ठासणीची बंदूक निराळ्या कारणाने जपावी लागते. तिच्यात काळीच दारू घालायची. नव्या काडतुसातली बिनधुराची दारू काढून तिच्यात ठासली, तर नळी फाटून चालविणाऱ्याची बोटे जातात. गंजून आतून खड्डे पडलेली नळी खुंटीला टांगण्याच्याच लायकीची. तरीही ती त्या गावठी बॉम्बपेक्षा बरी. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात लपविलेला बॉम्ब गाय खाते, कुत्रा खातो, आणि पोर खेळायला उचलते. कुंपणात सोडलेली विजेची तारही तशीच आंधळी. अशा तारेने राखणदारच मेल्याचे आपण वाचतो. दोन्ही गुन्हे आहेत, आणि परवान्याला लागणारा उशीर हे त्यामागचे एक कारण आहे, हेही सरकारने ऐकून घ्यावे.

आपल्या मीरा-भाईंदरला शेतीचा प्रश्न थोडाच उरला आहे; पण पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि बिबट्या वस्तीकडे येतो. तो आला की कोणीतरी विचारतो, परवान्याच्या बंदुका गावात असून काय उपयोग? उपयोग नाही, हेच उत्तर. तिथे वनखात्याची बेशुद्धीची बंदूक लागते. तिची नळी 11 किंवा 13 मिलिमीटरची असते, ती वायूच्या दाबाने सुई फेकते, आणि चित्रपटातल्यासारखे जनावर तत्क्षणी कोसळत नाही. औषध चढायला मिनिटे जातात. त्या मिनिटांत जमाव जितका मागे सरेल तितके काम सोपे होते.

पॉलिशवाल्याचे पुढे असे झाले. परवाना वारसाकडे आपोआप जात नाही, म्हणून वडिलांची बंदूक आधी गावच्या पोलीस ठाण्यात जमा करविली. मग आम्ही विचारले, ''रात्री शेतावर झोपतो कोण?'' तो म्हणाला, ''धाकटा भाऊ.'' तेव्हा अर्ज त्याच्या नावे केला. सातबारा जोडला, नुकसानीचे पंचनामे जोडले, ठासणीची का पुरत नाही ते लिहिले आणि 12 बोअरची एकनळी मागितली. ज्येष्ठाने पहिले रायफलीचे स्वप्न सोडायला तीन रविवार घेतले. जमा केलेल्या बंदुकीची पावती आमच्या फायलीत आहे. अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे, आणि भात पुन्हा लावणीला आले आहे.